जनुकसंचात नसलेले जनुक

९ जानेवारी २०२५ रोजी 'जीनोमइंडिया' प्रकल्पातील माहिती देशातील संशोधकांसाठी खुली झाली. सुमारे दहा हजार भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन फरिदाबादच्या 'इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर'मध्ये ठेवण्यात आले आणि वर्तमानपत्रांनी त्याचे रास्त कौतुक केले. त्याच आठवड्यात कराडहून मावशीचा फोन आला. तिची धाकटी मुलगी, माझी मावसबहीण, माझ्याप्रमाणेच चेन्नईत नोकरीला आहे. तिला काही वर्षांपूर्वी ल्यूपस झाल्याचे निदान झाले.

"अगं, दहा हजार लोकांची जनुकं वाचली म्हणे. मग हिचं हे दुखणं कुणाकडनं आलं ते आता कळेल का गं? आमच्याकडनं, का तिच्या वडलांकडनं?"

प्रश्नामागचा प्रश्न मला ठाऊक होता. एक स्थळ जमत आले होते आणि मुलाकडच्यांनी निरोप धाडला होता, की आजार आनुवंशिक असेल तर आम्हाला फेरविचार करावा लागेल. घरात दोन्ही बाजूंच्या पूर्वजांची उलटतपासणी सुरू झाली होती. कोणाच्या आत्याचे सांधे दुखत असत, कोणाची चुलती तरुणपणीच गेली, याच्या याद्या निघत होत्या.

मी वैद्यक नाही. माझी डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली आहे आणि प्रथिनांच्या रेणूंचे संगणकीय गणित हे माझे रोजचे काम. परंतु या एका आजाराच्या रेणवीय जनुकशास्त्राचा मी घरच्या कारणाने बराच अभ्यास केला आहे आणि त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे. ल्यूपसमध्ये शरीरावर उलटणाऱ्या प्रतिपिंडाचे जनुक आईवडिलांकडून आलेल्या जनुकसंचात नसतेच. ते रुग्णाच्या शरीरात, त्याच्या हयातीत, नव्याने तयार होते. म्हणून केवळ जनुकसंच वाचून हा आजार समजणार नाही. जनुकसंचाच्या जोडीला आपण माणसांचे रक्त वर्षानुवर्षे साठवायला आणि तपासायला हवे. हे का, ते क्रमाने सांगते.

ल्यूपस, म्हणजे पूर्ण नावाने 'सिस्टेमिक ल्यूपस एरिथेमॅटोसस', हा प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. सांधे, त्वचा, मूत्रपिंडे, रक्तपेशी, मेंदू, काहीही त्याच्या तडाख्यात सापडू शकते. रुग्णांत दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा ऐन तारुण्यातल्या. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज आणि सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र पेशी दिसली. तिने दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळलेले होते. पुढे उमगले, की रुग्णाच्या रक्तात पेशीकेंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे असतात. १९५७ मध्ये निरनिराळ्या देशांतील गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवले, की ती प्रत्यक्ष डीएनएलाही चिकटतात. १९६६ मध्ये एंग टॅन आणि हेन्री कुंकेल यांनी केंद्रकातील आणखी एका लक्ष्याचा शोध लावला आणि रुग्णाच्या आडनावावरून त्याला 'एसएम' हे नाव दिले. स्वतःच्याच घटकांवर चालून जाणाऱ्या या प्रतिपिंडांना आपण स्वप्रतिपिंडे म्हणू.

या स्वप्रतिपिंडांनी जीवशास्त्राचे एक मोठे कामही केले आहे. १९७९-८० मध्ये जोन स्टाइट्झ आणि मायकेल लर्नर यांनी ल्यूपसच्या रुग्णांचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव, हत्यारासारखे वापरले. त्यातील प्रतिपिंडांनी पेशीतील काही बारीक आरएनए-प्रथिन कण पकडून आणले. जनुकाच्या नकलेतील अनावश्यक भाग कापून उरलेले तुकडे सांधणारी यंत्रणा याच कणांची बनलेली असते. आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेली ही गोष्ट उलगडली त्यात आजारी माणसांच्या रक्ताचा वाटा होता. साठवलेल्या सीरमचे मोल किती, याचा हा पहिला दाखला.

आता मूळ मुद्दा. माणसाच्या जनुकसंचात प्रथिने घडवणारी जनुके सुमारे वीस हजार. मग लक्षावधी निरनिराळी प्रतिपिंडे कशी बनतात? या कोड्याचे उत्तर सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दिले आणि त्याबद्दल त्यांना १९८७ चे नोबेल मिळाले. प्रतिपिंडाचे जनुक आपल्याला सबंध मिळतच नाही, तुकड्यांत मिळते. जड साखळीसाठी 'व्ही' प्रकारचे सुमारे ४० वापरण्याजोगे तुकडे, 'डी' प्रकारचे सुमारे २३ आणि 'जे' प्रकारचे ६. अस्थिमज्जेत घडणारी प्रत्येक बी-पेशी यांतला एकेक तुकडा उचलते, मधला डीएनए कापून टाकते आणि उरलेले सांधते. ४० गुणिले २३ गुणिले ६ म्हणजे साडेपाच हजारांहून अधिक जुळण्या. हलक्या साखळीच्या अशाच सुमारे तीनशे जुळण्या धरल्या, तर गुणाकार सोळा-सतरा लाखांवर जातो. शिवाय सांध्याच्या जागी काही अक्षरे गळतात, काही नवी भरली जातात, आणि त्याने ही संख्या कितीतरी पटींनी वाढते.

ही नवी अक्षरे आईकडून आलेली नसतात आणि वडिलांकडूनही नसतात. ती त्या एका पेशीने त्या एका क्षणी घातलेली असतात. सख्ख्या जुळ्या बहिणींच्या अंगातही या जुळण्यांचे संच वेगवेगळे असतात. जनुकसंच वाचण्यासाठी रक्ताचा नमुना घेतात तेव्हा त्यातील असंख्य पेशींच्या सरासरीत प्रत्येक बी-पेशीची ही खासगी ओळ बुडून जाते. 'जनुकसंचात नसलेले जनुक' असे मी म्हणते ते या अर्थाने.

या यादृच्छिक जुळणीचा एक अटळ परिणाम असा, की काही प्रतिपिंडे स्वतःच्याच शरीराला चिकटणारी निघतात. काही म्हणजे किती? २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील हेडा वार्डेमान, मिशेल नुसेन्झ्वाइग आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या एकेका बी-पेशीतील प्रतिपिंड प्रयोगशाळेत बनवून तपासले. अस्थिमज्जेतील अगदी कोवळ्या बी-पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के पेशी स्वतःच्या घटकांना चिकटणाऱ्या होत्या! पुढच्या टप्प्यांवर हे प्रमाण झपाट्याने उतरत जाते, कारण वाटेत तपासणीनाके असतात. तिथे काही पेशी मारल्या जातात, काहींना हलकी साखळी बदलायला लावतात, काहींना निष्क्रिय केले जाते. अस्थिमज्जेबाहेरही पहारा असतोच. तो ठेवणाऱ्या नियामक टी-पेशींच्या शोधासाठीच २०२५ चे वैद्यकातील नोबेल मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना जाहीर झाले. म्हणजे स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे घडवण्याचे सामर्थ्य आपल्या सर्वांच्या मज्जेत रोज काम करत असते. ल्यूपसच्या रुग्णात हे नाके ढिले पडलेले असतात, एवढाच आरंभीचा फरक.

नाके ओलांडलेल्या पेशींचे शिक्षण पुढे लसिका ग्रंथींत होते. तिथे 'एआयडी' नावाचे विकर प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका घडवून आणते. नेहमीच्या उत्परिवर्तनाच्या मानाने हा वेग सुमारे दहा लाख पट. ज्या चुकांमुळे पकड घट्ट होते त्या पेशी टिकतात, वाढतात, इतर मरतात. डार्विनची निवड आपल्याच गाठींत काही आठवड्यांत उरकते. लस घेतल्यावर आपल्याला मिळणारे संरक्षण याच प्रक्रियेतून येते, आणि डीएनएविरुद्धची घातक प्रतिपिंडेही बहुतांशी इथेच घडतात.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी इथे थोडे थांबावे. डीएनएच्या दोन्ही कण्यांवर फॉस्फेट गटांची रांग असते आणि प्रत्येक गटावर ऋण विद्युतभार असतो. त्याला धरायचे तर प्रतिपिंडाच्या पकडीच्या जागी धन भार हवा. अर्जिनिन हे अमिनो आम्ल नेमका तो पुरवते. मार्को रॅडिक आणि मार्टिन वाइगर्ट यांनी उंदरांवरील कामात दाखवले, की डीएनएविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या पकडीत अर्जिनिनची गर्दी असते आणि ते वाढवत नेले की पकडही बळावते. २००५ मध्ये माणसांच्या प्रतिपिंडांवर याच्या उलट दिशेचा प्रयोग झाला. ल्यूपसच्या रुग्णांतील डीएनएविरोधी प्रतिपिंडांमधील उत्परिवर्तने मागे फिरवून त्यांना मूळ, जन्मजात तुकड्यांच्या रूपात आणले, तेव्हा डीएनएला चिकटण्याचा त्यांचा गुण नाहीसा झाला. आईवडिलांनी दिलेला तुकडा निरुपद्रवी होता; एकेका अक्षराच्या बदलाने त्यावर धन भार चढत गेला आणि तो घातक झाला.

याला अपवाद आहेत, ते दडवणार नाही. 'व्हीएच४-३४' नावाचा जन्मजात तुकडा मुळातच तांबड्या पेशींवरील काही शर्करांना चिकटतो, आणि ल्यूपसमध्ये त्यापासून बनलेली प्रतिपिंडे फार वाढतात. पण हा तुकडा जवळजवळ प्रत्येक माणसाकडे असतो. त्यावरूनही सोयरीक मोडायची म्हटले, तर कोणाचेच लग्न व्हायचे नाही.

मी हे ज्या शहरात बसून लिहिते, तिथे भौतिकशास्त्रज्ञाने जीवरेणूंत डोके घालणे ही जुनी परंपरा आहे. मद्रास विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात गो. ना. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्ता यांच्यासह १९५० च्या दशकात कोलॅजेन प्रथिनाची तिपेडी रचना मांडली, आणि १९६३ मध्ये रामकृष्णन व शशिशेखरन यांच्यासह तो प्रसिद्ध आलेख दिला, ज्यावर आजही प्रत्येक नव्या प्रथिनरचनेची परीक्षा होते. योगायोग असा, की १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या पॉल क्लेम्पेरर यांनी ल्यूपसला कोलॅजेनचा आजार मानले होते आणि पुढे कित्येक वर्षे डॉक्टर त्याला 'कोलॅजेन डिसीज' म्हणत. कोलॅजेन बिचारे निर्दोष होते. ज्या ऊतीत जखम दिसली, तिलाच कारण समजण्याची ती चूक होती. आज आपण तीच चूक जनुकसंचाच्या बाबतीत करू नये, असे मला वाटते.

मग आनुवंशिकतेचा वाटा शून्य का? मुळीच नाही. वारशाने येणारी जनुके प्रतिपिंड लिहीत नाहीत, पण ते लिहिले जाते त्या घरातले वातावरण ठरवतात. मेलेल्या पेशींचा केरकचरा उचलण्याच्या कामी 'सी१क्यू' हे प्रथिन लागते. ज्यांच्यात ते जन्मतः पूर्णपणे नसते, अशा फार थोड्या लोकांपैकी बहुतेकांना ल्यूपस होतो. कचरा पडून राहिला की केंद्रकातील माल उघड्यावर येतो आणि ढिल्या नाक्यांतून सुटलेल्या पेशींना खाद्य मिळते. 'टीएलआर७' हा आरएनए ओळखून धोक्याची घंटा वाजवणारा ग्राही. २०२२ मध्ये कॅरोला विनुएसा आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की स्पेनमधील एका मुलीला लहान वयातच झालेल्या तीव्र ल्यूपसच्या मुळाशी या जनुकातील एका अक्षराचा बदल होता. तोच बदल उंदरांत घातल्यावर उंदरांनाही ल्यूपस झाला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रियांच्या पेशींत दोनपैकी एक एक्स बंद ठेवला जातो, पण काही पेशींत त्यावरील हे जनुक बंदिवासातून निसटते आणि घंटा दुप्पट वाजते. ज्या पुरुषांत जास्तीचा एक्स असतो त्यांच्यातही ल्यूपसचा धोका स्त्रियांच्या पंक्तीला जाऊन बसतो. स्त्रियांच्या वाट्याला हा आजार अधिक का, याच्या उत्तराचा हा एक भाग. यात कोणत्याही घराण्याचा दोष नाही, दोन एक्स असण्याची ती किंमत आहे.

एका जनुकाने होणारा असा ल्यूपस विरळा. बाकीच्यांत शंभराहून अधिक जागांवरचे छोटे छोटे फरक असतात आणि त्यांतला एकेक धोका किंचितच वाढवतो. शिवाय हे फरक लोकसमूहागणिक बदलतात. 'पीटीपीएन२२' या जनुकातील जो बदल युरोपीय वंशाच्या रुग्णांत महत्त्वाचा ठरला, तो पूर्व आशियात जवळजवळ आढळत नाही आणि भारतातही दुर्मीळ आहे. म्हणून पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये वीरसिंह नेगी आणि सहकाऱ्यांनी तमिळ रुग्णांच्या जनुकांवर केलेले काम, किंवा मुंबईत परळला 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहेमॅटॉलॉजी'त वंदना प्रधान आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील ल्यूपस रुग्णांच्या स्वप्रतिपिंडांवर वर्षानुवर्षे केलेले काम मोलाचे आहे. दुसऱ्याच्या नकाशावर आपली गावे सापडत नाहीत.

आनुवंशिकतेचा वाटा किती, याचा साधा अंदाज जुळ्यांवरून येतो. १९९२ मधील एका प्रसिद्ध अभ्यासात, एकाच बीजांडातून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला ल्यूपस असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्के आढळले. वेगळ्या बीजांडांतील जुळ्यांत सुमारे २ टक्के. २४ आणि २ यांतला फरक सांगतो, की वारशाला महत्त्व आहे. पण २४ आणि १०० यांतला फरक त्याहून मोठा आहे. अक्षरशः एकच जनुकसंच असलेल्या चारपैकी तीन जोड्यांत दुसरे भावंड निरोगी होते. लग्नाच्या बैठकीत 'आनुवंशिक आहे का' असे विचारणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा पुरावा. २००३ मध्ये मेलिसा आर्बकल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सैन्यदलाच्या गोठवलेल्या सीरमच्या भांडारातून, पुढे ल्यूपस झालेल्या १३० जणांचे जुने नमुने काढले. सैनिक भरती झाले तेव्हापासून ठरावीक काळाने घेतलेले ते नमुने होते. १३० पैकी ११५ जणांत, म्हणजे ८८ टक्के लोकांत, निदानापूर्वीच निदान एक तरी स्वप्रतिपिंड हजर होते. काहींत तर नऊ वर्षांहूनही आधी. प्रथम केंद्रकाविरुद्धची सर्वसामान्य प्रतिपिंडे येत, नंतर डीएनएविरुद्धची, आणि आजार उघड होण्याच्या सुमारास एसएमसारख्या लक्ष्यांविरुद्धची. हा क्रम कोणत्याही जनुकसंचात वाचता आला नसता. जनुकसंच त्या नऊ वर्षांत जसाच्या तसा होता. बदलत गेले ते रक्त.

इथे एक सावधगिरीची सूचना. हे वाचून कोणी उद्याच प्रयोगशाळेत जाऊन 'एएनए' तपासणी करून घेऊ नये. १९९७ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत निरोगी लोकांपैकी सुमारे १३ टक्क्यांची ही तपासणी १:८० या पातळीला सकारात्मक आली होती. ल्यूपस त्याच्या शतांशानेही लोकांना होत नाही. लक्षणे नसताना केलेली तपासणी बहुधा भीतीच पदरात टाकते. स्वप्रतिपिंड दिसणे आणि आजार होणे यांच्यामध्ये काय घडते, हेच तर शोधायचे आहे, आणि त्यासाठी एका माणसाचा एक नमुना पुरत नाही. एकाच माणसाचे अनेक वर्षांचे नमुने लागतात.

म्हणून 'जीनोमइंडिया'कडे पाहताना माझ्या मनात अभिमान आहे आणि अपुरेपणाची जाणीवही आहे. एप्रिल २०२५ मध्ये या प्रकल्पाचा प्राथमिक आढावा प्रसिद्ध झाला. ८५ लोकसमूहांतील ९,७७२ व्यक्ती आणि सुमारे १८ कोटी जनुकीय फरक, ही कमाई लहान नाही. तिचे व्यवहारातले फायदेही आहेत. ल्यूपसमध्ये दिले जाणारे ॲझाथायोप्रिन हे औषध काही लोकांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीवर खाली आणते. आशियाई लोकांत त्यामागे बहुतेकदा 'एनयूडीटी१५' या जनुकातील फरक असतो, आणि तो आधी कळला तर मात्रा बदलता येते. इथे जनुकसंचाचे वाचन जीव वाचवू शकते. पण हा प्रकल्प निरोगी माणसांचा आहे आणि प्रत्येकाचे वाचन एकदाच झाले आहे.

दुसऱ्या बाजूला, लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील अमिता अग्रवाल यांच्या पुढाकाराने देशातील दहा केंद्रांनी 'इन्स्पायर' हा ल्यूपस रुग्णांचा समूह उभारला आहे आणि रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा हेच त्याचे सूत्र आहे. हे काम प्रशंसनीय आहे, तरी निदानापासून पुढचेच आहे. निदानाआधीची ती नऊ वर्षे तिथेही दिसत नाहीत.

माझी मागणी तीन कलमांची आहे. एक, निरोगी माणसांच्या जनुकसंचाची माहिती आणि रुग्णसमूहांची माहिती परस्परांशी जोडण्याचा रस्ता संमती व गोपनीयता सांभाळून बांधावा. दोन, ल्यूपस रुग्णांच्या निरोगी बहिणींना, अर्थात त्यांच्या इच्छेने, समूहात घ्यावे आणि दरवर्षी त्यांचे थोडे सीरम व थोड्या रक्तपेशी गोठवून ठेवाव्यात. सर्वसामान्य लोकांपेक्षा त्यांचा धोका जास्त असल्याने दहा-पंधरा वर्षांत थोड्या नमुन्यांतूनही पुष्कळ कळेल. तीन, या नमुन्यांत वारशाच्या जनुकांबरोबर बी-पेशींतील प्रतिपिंड-जनुकांचेही वाचन व्हावे. आज हे तंत्र आपल्या देशातील चांगल्या प्रयोगशाळांच्या आवाक्यात आहे.

आक्षेप येईल, की ल्यूपस तर विरळा आजार. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात अ. ना. मालवीय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखात ३.२ असे प्रमाण आढळले होते. तोच दर आज १४० कोटींना लावला तरी सुमारे ४५ हजार माणसे होतात, आणि त्यांतल्या बहुतेक तरुण स्त्रिया. शिवाय हा अभ्यास एका ल्यूपसपुरता राहत नाही. लस कोणाला लागू पडते, कोणाला नाही, याचेही उत्तर त्याच गाठींत आणि त्याच एआयडीच्या चुकांत दडलेले आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. शीतपेटी सांभाळणे हे जनुकसंच वाचण्याइतके दिमाखाचे काम नाही. पंधरा वर्षे वीज न जाऊ देणे, नोंदी नीट ठेवणे, त्याच माणसाला पुन्हा पुन्हा आदराने बोलावणे, यातून उद्घाटनाचे छायाचित्र निघत नाही. अमेरिकी सैन्याच्या भांडाराने शिकवलेला धडा नेमका हाच आहे.

शेवटी एक आशेची गोष्ट, जी माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावाही आहे. जर्मनीतील एर्लांगेन येथे गेओर्ग शेट आणि सहकाऱ्यांनी कोणत्याही औषधाला न जुमानणारा ल्यूपस असलेल्या रुग्णांच्या टी-पेशी काढून, बी-पेशींवरील 'सीडी१९' ही खूण ओळखतील अशा बदलून, परत सोडल्या. २०२२ मध्ये त्यांनी पहिल्या पाच रुग्णांची हकीकत मांडली. जुन्या बी-पेशी नाहीशा झाल्या, काही महिन्यांनी नव्या, कोऱ्या बी-पेशी आल्या, डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे ओसरली आणि नव्या पेशी येऊनही आजार परतला नाही. लक्षात घ्या, त्या रुग्णांचा वारशाचा जनुकसंच होता तसाच राहिला. धोक्याची सगळी जनुके जागच्या जागी होती. पुसली गेली ती फक्त आयुष्यात लिहिली गेलेली चुकीची पाने. पाचच रुग्ण, थोडाच काळ. अजून पुष्कळ पारखायचे आहे. पण याच सीडी१९ खुणेवर चालणारा उपचार आपल्याकडे, पवईच्या आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने घडवला आहे. काही रक्तकर्करोगांसाठी त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. ल्यूपससाठी ती परवानगी नाही, आणि काटेकोर चाचण्यांवाचून ती मिळूही नये. मात्र त्या चाचण्या करू शकणारी माणसे आणि साधने देशात आहेत.

मावशीला मी फोनवर यातले फार थोडे सांगू शकले. "मावशी, हे कुणाकडनं आलेलं नाही. सरपण थोडं तुमच्याकडचं असेल, थोडं काकांकडचं असेल. पण ठिणगी तिच्या अंगात पडली, आणि ती का पडली हे अजून जगात कुणालाच नीट ठाऊक नाही."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे दोष कुणाचाच नाही?"

"नाही."

"मग हे त्या लोकांना लिहून देशील का?"

ती सोयरीक पुढे गेली नाही. बहिणीचे औषध नीट चालू आहे, ती रोज कामावर जाते आणि स्थळाचा विषय निघाला की आता स्वतःच आकडे सांगते. मावशीला द्यायचे ते लेखी उत्तर मात्र माझ्याकडून राहून गेले होते. ते हे असे लिहून झाले आहे. ज्यांच्या घरात असाच प्रश्न विचारला जात असेल, त्यांच्यापर्यंत ते पोहोचवावे, एवढी विनंती.